मावशीची भीती उमेदवाराला कळते

"वाच," म्हणत मावशीनं फोन ढब्बूच्या नाकाखाली धरला.

ढब्बूनं वाचल्यासारखं केलं. मजकूर त्याला पाठच होता. लिहिला त्यानंच होता. 'ताई, लिफ्टची भीती मनात ठेवू नका. निवडून आलो की तुमच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा!' खाली उमेदवाराचा हसरा फोटो.

"मी लिफ्टमध्ये अडकले होते, हे दोघांनाच माहीत. तुला आणि समोरच्या काकूंना. बाकी इमारतीसाठी मी चार मजले व्यायाम म्हणून चढते. तू तर घरचा. म्हणजे काकूच फितूर."

ढब्बू काठीसारखा किडकिडीत; नावाला जागणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याच उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात तो मतदारांना 'आपुलकीचे निरोप' लिहायचा. संगणकावर प्रत्येक नावापुढे एक रकाना होता: मतदाराची हळवी जागा. मावशीचा रिकामा होता, आणि रिकामा रकाना कार्यालयातल्या साहेबांना बघवत नसे. ढब्बूनं तो भरला. साहेबांनी पाठ थोपटली.

"काकू कशाला सांगतील?" तो पुटपुटला.

"त्याही तेच म्हणाल्या. मग मी म्हटलं, तुमच्या पोटात काही राहतच नाही. झालं!"

काकू रोज मावशीबरोबर जिना चढायच्या, चांगली लिफ्ट सोडून, निव्वळ सोबत म्हणून. भांडणानंतर त्या लिफ्टनं जायच्या आणि मावशी आठवडाभर खाली उतरलीच नव्हती. भाजी ढब्बू आणायचा. ती त्याला गुणाचा म्हणायची, तेव्हा तो पिशवीतली भाजी पुन्हा मोजू लागायचा.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ढब्बूला त्याऐवजी आणखी एक निरोप सुचला. दुसऱ्या दिवशी दोघींच्याही फोनवर उमेदवार अवतरला: 'शेजारधर्म जपा, रुसवा सोडा. आपली मैत्री, आपला विकास!'

संध्याकाळी तो आला, तर मावशी कपाळाला हात लावून बसलेली.

"बघितलंस? भांडणसुद्धा पोचवलं बाईनं! आता मी शिंकले तरी या माणसाला कळणार!"

"अगं मावशी..."

"तू आहेस म्हणून बरं." तिनं खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला. "आता तुझ्याशिवाय बोलू कुणाशी? तुला म्हणून सांगते हं, परवा फोनवर डॉक्टर म्हणाले..."

"नको," ढब्बू म्हणाला. "मला नको सांगूस."

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग फोनमधल्या निरोपाकडे. ढब्बू पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा एक डाग पुसू लागला. डाग फरशीच्या नक्षीतलाच होता.

मावशी उठली, अनवाणीच समोर गेली आणि बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. मावशीनं कान पकडला. मग काकू बाजूला झाल्या आणि मावशी आत गेली.

दार उघडंच होतं. कुणी 'ये' म्हणेल म्हणून ढब्बू बाहेर ताटकळला. आतून मावशीचा हलका आवाज आला, "परवा फोनवर डॉक्टर म्हणाले..."

मग ती थांबली. दाराशी परत आली, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि दार लोटून घेतलं.