गॅस्केटची जाडी

चौथ्या स्क्रूची खाच चेपलेली होती, आणि ती चेपली होती तिनंच—घाईत, भलत्याच पात्याचा स्क्रूड्रायव्हर लावून, अकरा महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी. बाकीचे तीन स्क्रू धड होते. जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलेला कार्बुरेटर दुकानाच्या काउंटरवर उघडा पडला होता, आणि किडलेल्या दाताकडे जीभ जावी तशी तिची नजर फिरून फिरून त्या खाचेकडे जात होती.

"ताई, गाडी म्हातारी, पण नखरे नव्या नवरीचे," पार्टवाले काका म्हणाले. त्यांचा एक चष्मा नाकावर होता, दुसरा कपाळावर, आणि बोलताना ते दोन्ही चाचपत. "या जीपला बसतील असे तीनच आहेत माझ्याकडे. हा पहिला, तुमच्याचा जुळा भाऊ. हा दोन तोंडांचा. ताकद भरपूर, पण पेट्रोल पितो की अंघोळ करतो कळत नाही. आणि हा तिसरा. वाटी लहान, मधोमध. गाडी भिंतीवर चढवलीत तरी बंद पडायची नाही. सपाटीवर जरा आळशी आहे, एवढंच. चढ आहे का तुमच्याकडे?"

"आहे," ती म्हणाली.

चढ आहे. टेकडीवरच्या टॉवरकडे जाणारा, सुट्या खडीचा, शेवटच्या वळणाला एकदम उभा होणारा. टॉवरच्या देखभालीचं काम बाबा आणि दादा मिळून करायचे. त्या वळणाला गाडी अडली की बाबा उडी मारून उतरत आणि मागच्या चाकाला दगड लावत. वर्षानुवर्षांची रीत, त्यासाठी ब्रेकवर विसंबू नये असं ते म्हणत. त्या रविवारनंतरच्या फेरीत गाडी अडली नाही, बंदच पडली. बाबा उतरले, दगड घेऊन वाकले… आणि गाडी मागे आली.

"पाय सटकला माझा," दादा तेव्हा म्हणाला, आणि बाबा गेल्यापासून तेवढंच म्हणतो. "क्लचवरून. म्हणून बंद पडली." आई त्याच्यापुढं चहा ठेवते तो त्याच्याकडे न बघता. आणि जेवायला बसल्यावर टेबलाखाली त्याचा डावा पाय हळूच खाली दाबला जातो, वर येतो, पुन्हा दाबला जातो—त्याला कळतही नाही. तिला कळतं. ती समोर बसते.

काकांनी तिसरा कार्बुरेटर पुसून तिच्यापुढं सरकवला. तो हातात घेऊन तिनं नुसताच तोलला. कार्बुरेटरच्या वाटीत फ्लोट असतो, पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखा. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन वाट बंद करतो. त्यानं कुठं थांबायचं हे आपण ठरवायचं: झाकण उलटं धरून, झाकणापासून फ्लोटपर्यंत सात मिलिमीटर. मधलं कागदी गॅस्केट काढून मोजायचं. काढून… गॅस्केटची जाडी एक मिलिमीटर. ते ठेवून सात मोजलं तर खरे आठ होतात आणि वाटीतलं पेट्रोल तेवढंच खाली राहतं. सपाटीवर फरक पडत नाही. उभ्या चढावर वाटी कलते, पेट्रोल ओढून घेणाऱ्या जेटचं तोंड कोरडं पडतं, आणि मग पाय कुठंही असला तरी इंजिन बंद.

त्या रविवारी ती मोजत असताना आईनं जेवायला हाक मारली होती. गॅस्केट टेबलावर होतं की झाकणावर? पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती प्रत्येक नमुन्याचं तीनदा माप घेते. घरच्या गाडीचं एकदाच घेतलं. दादाच म्हणाला होता, तुझा हात चांगला, तूच कर. कालही, ताडपत्रीखाली अकरा महिने उभ्या गाडीतून, आत पेट्रोल वाळून बसलेला हा कार्बुरेटर काढताना तो तेच म्हणाला. सोमवारपासून त्याला पुन्हा वर जायचं आहे. एकट्याला.

"जुना इथंच सोडायचा हं, ताई," काका म्हणाले. "जुना जमा केल्याशिवाय नवा देत नाही आम्ही. गोणी भरली की सगळे वितळायला जातात."

वितळायला. म्हणजे नुसतं हो म्हटलं की… तिच्या पर्समध्ये मिलिमीटरचे अंशही मोजणारा व्हर्नियर होता. सकाळी तो का घेतला, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"आधी उघडायचाय," ती म्हणाली.

"आता मेल्यावर नाडी बघून काय करणार?" काका हसले, पण त्यांनी जाड पात्याचा स्क्रूड्रायव्हर काढला. चौथ्या स्क्रूला हातोडीची एक टिचकी द्यावी लागली. "कुठल्या गाढवानं खोलला होता हा?"

"मीच."

काका चष्मे चाचपत बसले. झाकण सुटलं. गॅस्केट अर्धं झाकणाला, अर्धं वाटीला चिकटून फाटलं. तिनं झाकण उलटं धरलं, कागदाचे तुकडे नखानं खरवडले, व्हर्नियर लावला. नऊ पूर्णांक चार. पुन्हा. नऊ चार. तिसऱ्यांदा, श्वास धरून: नऊ तीन. सातही नाही, आठही नाही.

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "पत्ती वाकलीय फ्लोटची. गाडी आपटली होती का कुठं?"

"मागं घसरली होती. झाडाला जाऊन अडकली."

"मग संपलं. आधी किती होतं, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

तिला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. उलट, अकरा महिने धरून ठेवलेला कठडाच कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. सात आले असते तर गप्प राहायचं होतं. आठ आले असते तर त्या आकड्यानंच सगळं सांगून टाकलं असतं, तिला तोंड उघडावं लागलं नसतं… आता सांगायचं तर काय सांगायचं?

फोन वाजला. दादा.

"कुठला घेतलास गं?"

"तिसरा. चढावर बंद पडत नाही तो."

"कशाला? जुन्यासारखाच घ्यायचास. कार्बुरेटरनं नव्हती पडली बंद. पाय माझा होता."

"कशावरून?" ती म्हणाली.

हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, आईनं नाही, तिनंही नाही.

"म्हणजे काय?"

"घरी आले की सांगते."

फोन ठेवला तेव्हा काका जुन्यासाठी हात पुढं करून थांबले होते. तिनं झाकण, वाटी, वाकलेला फ्लोट, सगळं त्यांच्या हातात दिलं. आता जवळ पुरावा नव्हता, मापही नव्हतं. नवा कार्बुरेटर टॉवेलात गुंडाळताना ती मनात वाक्य जुळवत राहिली—दादा, त्या रविवारी मोजताना गॅस्केट मी… आणि पुढं काढून की ठेवून, दोन्ही शब्द सारखेच खरे वाटत होते, सारखेच खोटे. राहता राहिलं ते एकच. मला आठवत नाही. प्रयोगशाळेतल्या इतक्या वर्षांच्या नोंदींत हे वाक्य तिनं एकदाही लिहिलं नव्हतं. ते मोठ्यानं कसं म्हणायचं असतं, हे ती ओठ हलवून बघू लागली.