पडदे जाड आहेत का?

"हे बघ, हे तर थेट पाण्यावरच आहे!" असं म्हणत लिफ्टवाल्यानं मोबाइल शिलाई मशीनवर ठेवला, अगदी सुईखाली, आणि शिवत बसलेल्या टाचणीचा पाय पायडलवर जागच्या जागी थिजला. फोटोत लाकडाची एक देखणी खोली होती, मधोमध मोठा पलंग, आणि पलंगाच्या तिन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या काचा. काचांच्या पलीकडे तळं, आणि तळ्याच्या काठानं पिवळी-तांबडी झालेली झाडं.

"डोळे उघडले की तळंच तळं," तो म्हणाला. "आणि सकाळी पोहायलाही जाता येतं. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात."

टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या कायम असायच्याच, म्हणून तर अख्खं इस्पितळ तिला टाचणी म्हणायचं. आत्ता त्यांचा उपयोग झाला, कारण तोंडात टाचण्या असलेल्या बाईला लगेच उत्तर द्यावं लागत नाही. तिनं एकेक करून त्या सावकाश काढल्या, उशीत खोचल्या, आणि म्हणाली, "काचा फार आहेत."

"मग? उजेड येतो!"

"कुणी बघेल."

"कोण बघणार? बदकं?"

पलीकडे चादरी दाबायच्या मोठ्या रोलरपाशी उभी असलेली इस्त्रीवाली मावशी फिस्सकन हसली. इस्पितळाच्या तळघरातल्या त्या कापडखोलीत दोघीच कामाला. फाटलेल्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन टाचणी शिवायची, मावशी कडक करायची, आणि वरच्या मजल्यावर पाठवायची. लिफ्टवाला महिन्यातून एकदा लिफ्ट तपासायला यायचा. पण अलीकडे लिफ्ट इतक्या वेळा तपासून व्हायला लागल्या होत्या, की मावशी म्हणायची, एवढी काळजी तर इथले डॉक्टर पेशंटचीही घेत नाहीत.

त्यानं मोबाइलवर दुसरा फोटो उघडला. टेकडीवरचं हॉटेल, खोलीतच टब. टाचणी म्हणाली, कपाटाला केवढा आरसा आहे, तोही पलंगासमोर. तिसरा उघडला. न्हाणीघर बाहेर, सगळ्यांचं मिळून एकच. तिनं नुसती मान हलवली.

"तुला नक्की हवंय तरी काय?" तो शेवटी म्हणाला. "दोन खोल्या घेऊ का?" हे त्यानं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पण त्याचे कान लाल झाले होते.

"नको!" टाचणी इतक्या झटकन म्हणाली की मावशीनं रोलरच थांबवला. "म्हणजे... बघू."

"तुझं हो आहे की नाही, तेच कळत नाही बघ मला. लिफ्टचं बरं असतं, वर जायचंय की खाली ते निदान बटणावरून तरी कळतं." तो हसला, मोबाइल खिशात टाकला आणि गेला. त्याचं ते हसणं जिन्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही, हे टाचणीला पाठमोऱ्या खांद्यांवरून दिसलं.

आता गोष्ट अशी होती. टाचणीला डावीकडचा स्तन नव्हता. ह्याच इस्पितळात, तळघराच्या वर चौथ्या मजल्यावर तो काढला होता, तेव्हा लिफ्टवाला इथे यायलाही लागला नव्हता. तिथून बरी होऊन परत कामावर आली त्या आठवड्यात तिनं स्वतःच स्वतःसाठी एक शिवला. कापसाचे थर, वर मऊ मलमल, आणि मध्ये मोहरीची लहानशी थैली, कारण वजन नसलं की ती बाजू वर सरकते आणि खांदा वाकडा दिसतो. हात बसलेला असल्यामुळे काम इतकं सफाईदार झालं, की मावशीलाही खरं कुठलं आणि शिवलेलं कुठलं हे आठवून सांगावं लागायचं. लिफ्टवाल्यानं तिला मिठी मारली होती, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मुकासुद्धा घेतला होता, पण टाचणी दर वेळी उजवा खांदा पुढे करून तिरकी उभी राहायची. त्याला वाटायचं, लाजते.

पण त्याला सांगायला ती धजत नव्हती. तो ओरडेल, शी म्हणेल, ह्याची भीती नव्हतीच. भीती होती सभ्यपणाची. कारण आधी एक होता, लग्न ठरलेला, आणि तो चौथ्या मजल्यावर भेटायला आला होता. त्यानं वावगं एक अक्षर काढलं नाही. फळं आणली, "काळजी घे हं" म्हणाला, फळं टेबलावर काढून ठेवून पिशवी नीट घडी घालून खिशात घातली, आणि गेला तो गेलाच. टाचणी रात्री अंथरुणात पडली की तिला लिफ्टवाल्याचा चेहरा दिसायचा, ब्लाउजच्या बटणांपाशी आलेला, आणि मग तो चेहरा अगदी सभ्य होत जायचा. 

"सांगून टाक ना एकदाचं," मावशी म्हणाली.

"सांगेन."

"कधी? तळ्यात बुडी मारल्यावर?"

"मावशी!"

"अगं बये, तो अडकलेल्या लिफ्टमधनं माणसं ओढून काढतो. तो घाबरेल होय?"

"मी घाबरते ना पण."

 मावशीनं चादरीची घडी घातली, थापटली, आणि पुन्हा एकदा थापटली.

दुसऱ्या दिवशी टाचणीनं जाहीर केलं, जागा मी शोधते. लिफ्टवाला इतका खूश झाला की पाना तिथेच विसरून गेला. आणि जेवणाच्या सुट्टीत रोलर बंद असताना टाचणी कापडखोलीतल्या फोनवरून तळ्याकाठच्या एकेका घराला फोन लावायला लागली. लोक काय विचारतात? भाडं किती, तळं दिसतं का, नाश्ता मिळतो का. टाचणी विचारायची, पडदे जाड आहेत का? अस्तर आहे का? दिवसा ओढले तर पलंगावर उजेड पडतो का? आरसा कुठल्या भिंतीला? न्हाणीघर आतच ना, दाराला आतून कडी आहे ना? एक मॅनेजर तर सरळ म्हणाला, "बाई, तुम्ही राहायला येताय की लपायला?" टाचणीनं फोन असा आपटला की मावशीच्या हातातला घासच खाली पडला.

मग लागला एका काकूंचा फोन. जुनं दुमजली घर, वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. टाचणीनं पडद्यांचं विचारलं, अस्तराचं विचारलं, आणि घाबरली की ती कामातलंच बोलायला लागते, त्यामुळे चुण्या किती, कापडाचा पन्हा केवढा, हेही विचारून बसली.

"अय्या, तुम्ही पडदेवाल्या का?" काकू म्हणाल्या.

आता इथे "नाही हो, मला खोली हवीय" एवढंच म्हणायचं होतं. पण त्या "लपायला"नं धीर पार संपला होता, आणि टाचणी म्हणाली, "हो."

मग काय, काकूंचा नळच सुटला. बरं झालं बाई फोन केलात, थंडी तोंडावर आलीय, सगळे पडदे उन्हानं विटलेत, कोपऱ्यातल्या वरच्या खोलीचे तेवढे धड आहेत, आईच्या वेळचे, असे जाड की भर दुपारी माणूस पलंगाला धडकेल. त्या खोलीतला आरसा मात्र पाहुण्याच्या पोरानं फोडला, अजून नवा लावला नाही. आणि मापं घ्यायला कधी येता?

"कळवते," टाचणी म्हणाली. फोन ठेवला तेव्हा तिच्या काखा भिजल्या होत्या. खोली मिळाली होती, हवी तश्शी, पण आता ती मागणार कशी? ती तर पडदेवाली होऊन बसली होती! शेवटी तिनं नंबर लिफ्टवाल्याला दिला. "तूच कर फोन. कोपऱ्यातली वरची खोली माग. तीच माग हं."

"तळं दिसतं का तिथून?"

तळ्याचं तर तिनं विचारलंच नव्हतं. "दिसत असेल," ती म्हणाली.

बसमध्ये ती त्याच्या डाव्या हाताला बसली, म्हणजे उजवा खांदा त्याच्याकडे. बाहेर पानं नुसती बदाबदा गळत होती, रस्ता पिवळा झाला होता, एका वळणावर तळं दिसलं की लगेच पुढच्या वळणावर दुसरं, आणि लिफ्टवाला लहान मुलासारखा "ते बघ, ते बघ" करत होता. टाचणी बघत होती आणि मनात वाक्य जुळवत होती. तुला एक सांगायचंय. वाक्य तिथपर्यंत यायचं आणि बंद पडायचं. त्यानं तिचा हात धरला तर हात घामानं चिंब.

"बस लागते का गं तुला?"

"हं."

काकू दारातच उभ्या होत्या. बुटक्या, गोल, हातात झाडू. लिफ्टवाल्यानं नाव सांगितलं, सगळं ठीक चाललं होतं, आणि टाचणीच्या तोंडून सवयीनं गेलं, "वरची कोपऱ्यातली ना?"

काकूंचा झाडू थांबला. "अगं बाई! पडदेवाल्या ताई! आवाज ओळखला मी! टेप आणलीत ना?" आणि लिफ्टवाल्याकडे वळून, "तुम्ही ह्यांचे मिस्टर होय? काय बारकाईनं विचारतात हो ह्या! पलंगावर उजेड पडतो का, आरसा समोर आहे का, दाराला आतून कडी आहे का. मी म्हटलं, धंदा कळतो हिला. मला तर पडद्याशी कडीचा काय संबंध तेसुद्धा कळलं नाही!"

 लिफ्टवाल्यानं तिच्याकडे एकदा बघितलं, काकूंना काहीतरी हसून म्हणाला, दोन्ही बॅगा उचलल्या आणि जिना चढायला लागला. ती मागून चढली.

खोलीत त्यानं बॅगा खाली ठेवल्या. स्वतःची मात्र दाराजवळच ठेवली.

"म्हणून तुला काचा नको होत्या."

"तसं नाही..."

"आरसासुद्धा नको. अंधार पाहिजे." तो हळू बोलत होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "मला माहितीय गं मी कसा दिसतो. पोट सुटलंय, डोक्यावर काही उरलं नाही. पण इतका? की तुला बघावंसुद्धा वाटू नये?"

 इतके दिवस टाचणी स्वतःच्याच भीतीत इतकी बुडाली होती, की त्यालाही काही भीती असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नव्हतं यायचं तर सांगायचंस," तो म्हणाला. "मी काकूंना दुसरी खोली मागतो. सकाळच्या बसनं परत जाऊ." आणि त्यानं खरंच बॅगेचा पट्टा धरला.

"डावीकडचं नाहीये," टाचणी म्हणाली.

"काय?"

"डावी बाजू. कापून काढलीय. ते जे आहे ते... ते मी शिवलंय. मोहरी आहे त्यात."

झालं. बोलून झालं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे डोळे रोखले, आता सभ्य होईल, आता होईल. खालच्या अंगणात काकूंचा झाडू वाळक्या पानांवरून खर्र खर्र फिरत होता.

"मोहरी?" तो म्हणाला.

"वजन लागतं ना. नाहीतर दुसरी बाजू ओढते, खांदा वाकडा होतो."

"म्हणजे काउंटरवेट," लिफ्टवाला म्हणाला. "लिफ्टला पलीकडून तसंच वजन लावतात, तोल राहावा म्हणून..." आणि आपण काय बोलून बसलो हे कळून त्यानं तोंडावर हात मारला. "सॉरी. सॉरी गं. मी मूर्ख आहे."

टाचणीला हसू फुटलं. ते कुठून आलं तिलाच कळलं नाही, आणि मध्येच त्याचं रडू झालं, आणि ती पलंगाच्या कडेवर बसली. तो जवळ आला नाही. बॅगेचा पट्टा मात्र त्यानं सोडला.

"तू अजून बघितलं नाहीयेस," ती नाक पुसत म्हणाली. "बघितल्यावर काळजी घे म्हणशील."

"म्हणजे?"

"काही नाही."

 मग तो म्हणाला, "मला भीती वाटतेय."

तिनं विचारलं, "कशाची?"

"हात लागला तर दुखेल का तुला?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारायचे, पण ते कागदाकडे बघून. तिला उत्तर शोधावं लागलं. "दुखत नाही. गार हात लागला की ओढल्यासारखं होतं. वण आहे ना मोठा. तिथे."

"बरं," तो म्हणाला.

टाचणीनं वरचं बटण काढलं. दुसऱ्यापाशी मात्र रोज शेकडो बटणं लावणाऱ्या बाईला स्वतःचं एक निघेना. भीती गेली नव्हती, अजिबात गेली नव्हती. तिनं मान वर केली.

तो खिडकीपाशी उभा होता. दोन्ही तळवे एकमेकांवर जोरजोरात घासत होता. तोंडाजवळ नेऊन त्यांवर फुंकत होता, काखेत दाबून धरत होता. मग त्यानं एक तळवा स्वतःच्या गालाला लावून बघितला, नाही अजून, अशी आपल्याशीच मान हलवली, आणि पुन्हा घासायला लागला.