पाहुण्यांचा माठ

उद्धव सरांनी हातातल्या यंत्राचा लाल ठिपका पडद्यावर फिरवत फिरवत नेमका सत्तावीस नंबरवर आणून थांबवला, तेव्हा जहांआराने ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं.

सत्तावीस म्हणजे तिचंच घर. पडद्यावर गावाचा नकाशा होता. पन्नास घरं, पन्नास ठिपके. ज्या घरचं पाणी खारं ते लाल, गोडं ते हिरवं. सगळीकडे लालच लाल आणि मधेच दोन हिरवे, एकमेकांना चिकटून. दुसरा अठ्ठावीस, म्हणजे वच्छलाबाईंचा. दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी एकच भिंत. आत्ताही त्या शेजारीच बसल्या होत्या, सकाळी गावातून जीपने निघाल्यापासून जहांआराचा हात हातात धरून. एवढी मोठी माणसं बघून त्यांना दडपण आलं होतं.

माणसं होतीच मोठी. विज्ञान-संशोधनाच्या एका नामांकित विद्यापीठाचा तीन दिवसांचा परिसंवाद, आणि त्याचा शेवटचा दिवस मलकापूरच्या मंगल कार्यालयात. ज्यांच्या पाण्याचा अभ्यास केला त्यांच्यासमोर तो मांडायचा, हा गावात पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या शरयू मॅडमचा हट्ट. खडकांचे जाणकार, किडनीचे डॉक्टर, शेतीवाले, समाजशास्त्रवाले, सगळ्यांनी मिळून विचार करायचा असं ठरलेलं. पण बसले होते लग्नातल्या वरपक्ष-वधूपक्षासारखे, आपापल्या रांगा धरून. चहाच्या वेळीसुद्धा खडकवाले खडकवाल्यांशीच बोलत होते.

"या दोन घरांनी आमची पंचाईत केली आहे," उद्धव सर म्हणाले. "पाणी गोडं, तरी दोन्हीकडचे कर्ते पुरुष किडनीच्या आजाराने गेले. मग सगळा दोष खाऱ्या पाण्याला कसा द्यायचा? दुखण्यावरच्या गोळ्या असतील, फवारणी असेल, ऊन असेल. गावासाठी पाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र मागण्याआधी अजून दोन-तीन वर्षं अभ्यास करावा, असं माझं मत आहे."

पुढच्या रांगांमधल्या बऱ्याच माना डोलल्या. शरयू मॅडम तेवढ्या मान खाली घालून कागदावर काहीतरी खोडत राहिल्या.

दोन-तीन वर्षं. जहांआराच्या डोळ्यांसमोर फलक आली. तिची एकोणीस वर्षांची पोर, सकाळी आई निघाली तेव्हा बोअरच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभी होती.

तीन वर्षांपूर्वी शरयू मॅडम घरोघर नंबर चिकटवलेल्या बाटल्या वाटून गेल्या होत्या. 'तुम्ही रोज पिता ते पाणी भरून ठेवा, उद्या येऊन नेते.' सांगणं अगदी सरळ होतं. पण त्या गल्लीत घरोघरी माठ दोन. मोठा घरच्यांचा, बोअरच्या पाण्याचा. धाकटा कोपऱ्यात झाकून ठेवलेला. त्यात तीन कोसांवरच्या नळाचं गोडं पाणी, तिचा नवरा वहाब दर जुम्म्याला मोटारसायकलवरून कॅनभर आणायचा ते. तो माठ पाहुण्यांचा. घरातली पोरं त्याला हात लावत नसत. दारी आलेल्या माणसाच्या हातात खाऱ्या पाण्याचा पेला दिला तर नाकच कापलं जायचं. आणि ही बाटली तर पार दूरच्या शहरात जाणार होती, शिकल्यासवरल्या माणसांसमोर. जहांआराने धाकट्या माठातलं पाणी घेऊन ती काठोकाठ भरली. भिंतीपलीकडे वच्छलाबाईही आपल्या धाकट्या माठावर वाकल्या होत्या. दोघींची नजरानजर झाली, दोघी हसल्या. बाकीच्या घरांतल्या बाटल्या पुरुषांनी थेट बोअरवर नेऊन भरल्या. पाहुणचार त्यांना कुठून सुचायला!

आठ महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. लाल घरांना पाणी गाळायचं छोटं यंत्र मिळालं, हिरव्या दोघांना नाही. पण वहाब यादी वाचून आला तो अगदी उड्या मारत.

"आपलं पाणी पास झालं! जिभेले खारं लागते, पण मशीन म्हणते अच्छा है."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मॅडमना फसवल्यासारखं होईल याची तिला लाज वाटली. एका बाटलीने काय होतंय, असंही वाटलं. ती गप्प बसली, आणि वहाब त्या पास झालेल्या पाण्याचे तांबेच्या तांबे पीत राहिला. किसनराव, वच्छलाबाईंचे यजमान, आधी गेले. मागच्या थंडीत वहाबचे पाय सुजले. उन्हाळा काही त्याने पाहिला नाही. तेव्हापासून एकही दिवस असा गेला नव्हता की ती बाटली तिला आठवली नाही.

"गावकऱ्यांपैकी कुणाला काही बोलायचं आहे?" सरांनी विचारलं.

जहांआरा उभी राहिली. शरयू मॅडमनी स्वतः येऊन तिच्या हातात माईक दिला.

"साहेब, सत्तावीस नंबरचं पाणी आमच्या बोअरचं नोहतं."

"म्हणजे?"

"पाहुण्याच्या माठातलं होतं. तुमी दुरून आलेले, तुमाले खारं कसं द्यावं? आमी त्यातलं पेत नाही. माह्या मालकानं जलमभर खारंच पेलं."

सभागृहात कुजबुज झाली. उद्धव सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"आणि अठ्ठावीस?"

सगळ्यांच्या नजरा वच्छलाबाईंकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू चढत होतं. जहांआराला ते ओळखू आलं. तिने ते आरशात कितीदा पाहिलं होतं. वच्छलाबाईंनी तिच्या ओढणीला हिसका दिला.

"भाबी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "माही बाटली म्याच भरली होती न वो? कोणतं पाणी भरलं होतं म्या?"

जहांआराने माईक पुन्हा तोंडाशी नेला.

"अठ्ठावीसची बाटलीबी म्याच भरली, साहेब. त्याच माठातून. मावशी वावरात गेल्या होत्या. त्याईले ठाऊकबी नाही."

शरयू मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. तीन वर्षांपूर्वी अठ्ठावीसची बाटली त्यांनी वच्छलाबाईंच्याच हातून घेतली होती, आणि वच्छलाबाईंनी ती 'काठोकाठ भरली म्या' असं सांगत दिली होती. मॅडमचे ओठ उघडले, मग मिटले. त्या पडद्याकडे वळल्या आणि त्यांनी दोन्ही ठिपके लाल करायला सांगितले.

यंत्राची मागणी आजच पाठवायची असं ठरलं. टाळ्या झाल्या. जहांआरा खाली बसली. वच्छलाबाईंनी आपला हात मांडीवर ओढून घेतला होता.

"तुया हातानं भरली?"

"हाव, मावशी."

"आन् दोन वरीस रोज माह्या दारात येऊन बसली तू. माह्यासंगं रडली."

जहांआराने ओढणीचं टोक पुन्हा मुठीत घेतलं.

"आता येऊ नको," वच्छलाबाई म्हणाल्या आणि उठून मागच्या रांगेत जाऊन बसल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांची मान ताठ होती.

"नाही येत," जहांआरा म्हणाली. पण तोवर ऐकायला शेजारी कुणी नव्हतं.