कोरडं मैदान

"चिखल आहे नुसता, ओरिन. सामना रद्द," अंपायर पॅगेट बुटाचा तळ दाखवत म्हणाले.

"दोन तास द्या," माझा नवरा म्हणाला.

"दोन तासांत सूर्याला दोरी बांधून आणणार आहेस?"

ओरिन आमच्या ट्रककडे निघाला. कामाच्या वेळी तो कमी बोलतो, आणि घरी त्याहून कमी.

गव्हाच्या पट्ट्यातल्या सहा गावांनी बेसबॉलची लीग काढली, त्याला तीन वर्षं झाली होती. चार गावं गळाली. उरलो आम्ही आणि हार्लन. त्या संध्याकाळी लीगच बंद होणार होती, त्यामुळे सामना ढकलायला उद्या नव्हताच. जिंकलो तर विजेत्याचं निशाण आमचं, खेळच झाला नाही तर गुणांत पुढे असलेल्या हार्लनचं. आमचं मैदान ओरिन राखायचा; तीन वर्षांत त्या मैदानापायी एकही सामना बुडाला नव्हता. शेवटचा बुडाला असता तर त्याने जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं.

एक डबा घेऊन तो ट्रकखाली शिरला.

"अरे, ते आपलं पेट्रोल आहे! घरी कसं जायचं?"

"चालत. चारच मैल तर आहेत."

"माझ्या नव्या बुटांना विचारलंस?"

टाकी रिकामी करून त्याने चिखल सुकवायला पेट्रोल एका बेसवरून दुसऱ्यावर धावायच्या मातीच्या वाटांवर शिंपलं आणि काडी ओढली. आग पहिल्या बेसवरून तिसऱ्यापर्यंत धावत गेली. बूट काढून बसलेले हार्लनचे खेळाडू ते पुन्हा चढवून नाड्या बांधू लागले.

"वेडा आहे हा माणूस!" त्यांचा मॅनेजर ओरडला.

"आमचा आहे," मी म्हणाले.

पॅगेटनी पुन्हा बूट दाबून पाहिला. तळ कोरडा निघाला.

चार विरुद्ध तीन असे आम्ही जिंकलो. निशाण चढलं, बँड वाजला, मोटारी भरभरून माणसं गावात जेवायला गेली. आम्ही कसे जाणार, हे कुणीही विचारलं नाही. मला फार लागलं ते. ओरिनला नाही. बूट हातात घेऊन मी चार मैल त्याला बोलत गेले.

"संपली लीग. उद्या तरी उशिरापर्यंत झोप," मी शेवटी म्हणाले.

सकाळी पलंग रिकामा होता. न्याहारी बांधून मी मैदानावर गेले. ओरिन नळी धरून काळ्या मातीवर पाणी मारत होता.

"आता कोण खेळणार आहे इथे?"

"जाळलेली माती आहे, हेस्टर. पाणी नाही दिलं तर भेगा पडतात."

न्याहारीचा डबा बाकावर ठेवून मी मागे गेले आणि नळीला पडलेला पीळ सोडवला.