खाली धरलेला आरसा

केस कापून झाले की मागून छोटा आरसा दाखवतात, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. समोरच्या मोठ्या आरशात आपण त्या छोट्या आरशातली आपली मान पाहतो, काही कळलं नसलं तरी "हं, छान" म्हणतो आणि उठतो. पण तो आरसा किती उंचीवर धरलेला असतो, याकडे कधी लक्ष दिलंय? मानेपाशी. फार तर कानाच्या रेषेत. त्याच्या वर, जिथे भोवरा असतो आणि जिथून पुरुषाचे केस हळूच काढता पाय घेतात, तिथवर तो जातच नाही!

निदान बाजाराच्या कोपऱ्यावरच्या तीन खुर्च्यांच्या दुकानात तरी हे चुकून होत नव्हतं. दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. त्यांना ही विद्या वडिलांनी शिकवली होती. "गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात ठेवायचा, बोट ठेवायचं नाही," वडील सांगत. "झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला आपल्या खुर्चीत टक्कल दिसलं, तो पुन्हा आपल्या खुर्चीत बसत नाही."

मास्तरांनी सव्वीस वर्षं ही विद्या इमानाने जपली. विरळ टाळूवरून ते कंगवा असा फिरवत की उरलेले चार केस चाळिसांचं काम करत. शिवाय फळीवर हिरव्या बाटल्यांची रांग होती. ते तेल मास्तर घरीच उकळत. "तीन महिने चोळा, मग बोला," असं सांगत. तीन महिन्यांनी बोलायला कुणी येत नसे. तेलाला दोष द्यायचा तर आधी टक्कल कबूल करावं लागतं, आणि तेवढी कुणाची छाती होत नसे.

व्हावी तरी कशी? बाकावर पेपर वाचत बसलेली मंडळी टपूनच असायची. कुणी टोपी काढली की, "अरे, दिवा बंद करा, आता गरज नाही!" मग खोखो हसणं. ज्याच्यावर हसत तोही हसायचा, सगळ्यांहून मोठ्याने. ते हसू आपण ऐकलेलं आहे. खरं सांगायचं तर आपण ते हसलेलोही आहोत.

मास्तरांचा धाकटा भाऊ बत्तीस वर्षांचा होता. पंखे आणि मिक्सर विकणाऱ्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. आईवडील लवकर गेले, त्याला मास्तरांनीच वाढवलं. त्याच्या डोक्याला लहानपणापासून दुसऱ्या कुणाची कात्री लागली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुकान उघडायच्या आधी, दोघे भाऊ चहा पीत आणि मग धाकटा खुर्चीत बसे.

अशाच एका रविवारी मास्तरांना त्याच्या भोवऱ्याशेजारी शर्टाच्या बटणाएवढी जागा दिसली. तिथे केस नव्हते. कातडी गुळगुळीत, चकचकीत होती आणि कडेला लालसर. भावाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी शिकलेली, शांत, दोघांची मनं जुळलेली. आता हे निघालं आणि तिकडच्यांनी नाक मुरडलं तर? मास्तरांनी बाजूचे केस लांब ठेवले, त्या जागेवर नीट बसवले आणि आरसा धरला. खाली, मानेपाशी.

"छान," धाकटा म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात धाकट्याने स्वतःच विचारलं. "दादा, मागे काही आहे का रे? खाज सुटते. ती पण म्हणत होती की डॉक्टरला दाखव."

बाजूच्या केसांखाली आता दोन जागा होत्या. मास्तर म्हणाले, "काही नाही. घामाने पुरळ आलंय. आपलं तेल ने, रात्री चोळ."

"बरं," धाकटा म्हणाला. त्याने बाटली नेली. विषय संपला.

सातव्या महिन्यात धाकट्याच्या दुकानात चोऱ्या होऊ लागल्या, म्हणून शेठने काउंटरच्या वर कॅमेरा बसवला. सगळे कौतुकाने काउंटरवरच ठेवलेल्या पडद्यापाशी जमले. धाकट्याने पाहिलं. पडद्यावर त्याच्या काउंटरपाशी, त्याच्यासारखाच निळा शर्ट घालून, कुणीतरी पाठमोरा उभा होता. पंख्याच्या वाऱ्याने त्याचे केस बाजूला झाले होते आणि टाळूवर तळहाताएवढी उघडी, ओबडधोबड जागा होती. "हा कोण रे?" असं विचारायला त्याने हात वर केला. पडद्यावरच्या माणसानेही हात वर केला!

तो तसाच भावाच्या दुकानात आला. भर दुपारची वेळ, तिन्ही खुर्च्या भरलेल्या. त्याने खिळ्यावरचा छोटा आरसा उचलला, मोठ्या आरशाकडे पाठ केली आणि तो स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला. बाकावरच्या एकाने सवयीने तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा पाहून मिटलं.

"हे कधीपासून आहे, दादा?"

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. "तुझं लग्न होऊ दे म्हटलं, मग बघू..."

"मी तुला विचारलं होतं!"

दुसऱ्या दिवशी तिघे मोठ्या हॉस्पिटलात गेले. धाकटा, मास्तर आणि मास्तरांची बायको, म्हणजे धाकट्याच्या वहिनी. वहिनी त्याच हॉस्पिटलात नावनोंदणीच्या खिडकीवर काम करायच्या, त्यामुळे नंबर लवकर लागला. त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी भिंग लावून टाळू पाहिली, कातडीचा कणभर तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्याने बोलावून सांगितलं.

"पुरुषांचे केस बहुतेक वेळा घराण्याच्या वळणाने जातात. तो रोग नाही. लवकर आलात तर त्याला औषधं आहेत. काही महिने नेमाने घेतली तर बऱ्याच जणांची गळती थांबते, काहींचे केस थोडे परतही येतात. तुमचं तसलं नाही. इथे मुळांना सूज येऊन मुळं मरतात आणि कातडीवर व्रण राहतो. उरलेले केस वाचवायचं औषध मी देते."

"आणि गेलेले?" धाकट्याने विचारलं.

"तिथे आता मूळच नाही. चट्टा लहान होता तेव्हा आला असतात, तर बहुतेक तेवढ्यावरच थांबवता आलं असतं."

"तेलामुळे झालं का?" मास्तरांनी कसंबसं विचारलं.

"नाही. तेलामुळे वेळ गेला." बाई लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "स्वतःला आपली टाळू दिसत नाही, मान्य. पण केस कापणाऱ्याला दिसते. तुमचा केस कापणारा काही बोलला नाही?"

धाकट्याने भावाकडे पाहिलंही नाही.

"नाही," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर तो जिन्यात थांबला. "दादा, तिने मला पहिल्यांदाच सांगितलं होतं, डॉक्टरकडे जा. मी तिला म्हटलं, माझा भाऊ डोक्यांचाच धंदा करतो. काही असतं तर तो बोलला असता." एवढं बोलून तो बसस्टॉपकडे निघून गेला.

घरी मास्तर लाकडाच्या ओंडक्यासारखे बसून राहिले. "मी त्याच्या भल्यासाठीच केलं," ते म्हणाले.

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "अहो, आमच्या खिडकीवर रोज बायका येतात. चार केस गळले तरी येतात, घाबरतात, विचारतात. पुरुष येतात ते सगळं उरकल्यावर, आणि तेही बायकोने ढकलून आणलेले. का? कारण त्यांना एकच भीती, लोक हसतील. आणि ती भीती कोण पोसतं? बाकावरची माणसं हसतात, तुम्ही आरसा खाली धरता आणि वर बाटली विकता."

"टक्कल काय फक्त माझ्यामुळे पडतं?"

"टक्कल पडलं तर पडलं! त्याने माणूस कमी होत नाही. पण डोक्यावर काय चाललंय हे त्याला कळायला नको? मग औषध घ्यायचं का टक्कल मिरवायचं, ते त्याचं तो ठरवेल. डॉक्टरांपेक्षा जास्त डोकी तुम्ही बघता. तुमच्या एका शब्दावर हा पोरगा वाचला असता. लोक केसाने गळा कापतात असं म्हणतात. तुम्ही भावाचा कापलात हो!"

मास्तरांना रडू आलं. वहिनींनी त्यांची समजूत घातली नाही. त्या भाजी निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फळीवरच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. त्या दिवसापासून ते आरसा वर धरू लागले. पहिलंच गिऱ्हाईक एका शाळेचे कारकून होते. "इथे विरळ होतंय," मास्तर म्हणाले. "घाबरायचं कारण नाही, पण एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा." कारकुनांचा चेहरा लाल झाला. "केस कापा, अक्कल शिकवू नका," म्हणून ते उठले, ते परत आले नाहीत. वडील खोटं सांगत नव्हते! बाकावर कुणी हसलं तर मास्तर कात्री थांबवून उभे राहत, हसू विझेपर्यंत. बाक हळूहळू रिकामा झाला. एक ड्रायव्हर मात्र मास्तरांचं ऐकून हॉस्पिटलात गेला आणि वेळेवर गेला. तो आजही त्यांच्याकडेच येतो.

पहिला रविवार आला आणि गेला. दुसऱ्या महिन्याचाही गेला. मास्तर दोन्ही वेळा दोन कप चहा घेऊन बसले होते.

तिसऱ्या महिन्यात धाकटा आला, पण रविवारी नाही. मंगळवारी, दुकान उघडं असताना, बाकावर आपला नंबर लावून बसला. दरम्यान त्याचं लग्न झालं होतं. मुलीने केसांवरून कधी नाक मुरडलं नव्हतं. मास्तरांशी मात्र ती बोलत नव्हती. नंबर आल्यावर तो खुर्चीत बसला.

"सगळे काढ," तो म्हणाला. "झाकायचं नाही आता."

मास्तरांनी वस्तरा चालवला. काम झाल्यावर त्यांनी छोटा आरसा घेतला आणि उंच धरला, अगदी टाळूच्या वर. तो व्रण आरशात स्पष्ट दिसत होता. धाकट्याने तो बराच वेळ पाहिला. मग खांद्यावरचं कापड स्वतःच काढलं आणि उठला.

"ठीक आहे, मास्तर," तो म्हणाला.

बत्तीस वर्षांत त्याने भावाला दादा सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

वाचकहो, केस जाणं ही लाज नाही. त्यावर हसणं ही लाज आहे, आणि दिसत असून गप्प बसणं ही त्याहून मोठी. टाळूवर लाली, खाज, चट्टा दिसला किंवा केस अचानक जाऊ लागले, तर तेल शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि आपल्या माणसाची पाठ आपल्यालाच दिसते, त्याला नाही, हे विसरू नका. त्याला वाईट वाटेल म्हणून आरसा खाली धरू नका. मास्तरही आता वर धरतात, पण त्यांच्या भावासाठी उशीर झाला.