खकाण्यातले पाळणे

लग्नाला सहा वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की बोट कुणाकडे जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत राहणाऱ्या राजाबाईकडेही ते गेलं होतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तिची सासू पारूबाई तिला पुढं बसू देत नसे. शेजारच्या बाळंतिणीच्या दारावरून जायची वेळ आली की राजाबाई आपण होऊनच रस्त्याची पलीकडची बाजू धरी. तिचा नवरा मायाप्पा वाईट माणूस नव्हता. तो फक्त गप्प बसे. आणि गप्प बसणाऱ्या भल्या माणसांनी बायकांचं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं बोलणाऱ्या वाईट माणसांनीही केलं नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्र्याऐंशी सालच्या संक्रांतीनंतर पारूबाईनं निकाल देऊन टाकला. "पाडव्यापातूर बघतो. न्हाईतर राजीची धाकटी भैण सुली हायच की. तिला करून घ्यायची. घरातलं घरातच ऱ्हाईल."

राजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. मायाप्पानं मान खाली घालून जेवण उरकलं आणि तो कामावर गेला.

शेवटचा उपाय म्हणून पाळण्याच्या आईला नवस करायचं ठरलं. मायाप्पा ज्या वखारीत कामाला होता, तिच्याच मागच्या भिंतीला लागून एक उंबर होता. त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड, आणि फांद्यांना वीतभर लांबीचे लाकडी पाळणे टांगलेले. ज्या बाईला मूल नाही तिचं नाव कोरून घ्यायचं, मंगळवारी दुपारी पाळणा बांधायचा, अशी रीत. उंबराला फळं भरपूर धरत, पण पाखरू कधी टोचायला येत नसे. पानं तपकिरी. खाली पडलेली फळं तशीच वाळून जात, त्यांना मुंगीसुद्धा लागत नसे. आणि बायका सांगत की मंगळवारी भर दुपारी वारा नसतानाही ते पाळणे आपोआप हलतात. आई न जन्मलेल्या लेकरांना झोके देते म्हणे. कुणी-कुणी त्यातून रडणंही ऐकलं होतं.

पाळणे घडवणारा सुतार होता भरमूआप्पा. साठीचा, मोजकं बोलणारा. मायाप्पा पाळणा आणायला गेला तेव्हा त्यानं पटाशी हातात घेऊन विचारलं, "नाव कुणाचं घालू?"

"राजाबाईचं. आणि कुणाचं घालतात?"

"तसं न्हवं. घरात दोघं हायसा, म्हणून इचारलं," आप्पा म्हणाला आणि खाली मान घालून नाव कोरू लागला.

मंगळवारी मायाप्पानं रजा टाकली. तो वखारीतल्या कुटाईच्या खोलीत काम करी. वाळलेला पाला यंत्रात घालायचा, कुटायचा, चाळायचा. त्यातून जी बारीक, डोळ्या-नाकात शिरणारी धूळ उडते तिला आपल्याकडे खकाणा म्हणतात. त्या खोलीत तो इतका दाट असे की पलीकडच्या भिंतीशी उभा असलेला माणूस ओळखू येऊ नये. तोंडाला फडकं बांधलेल्या माणसांच्या नुसत्या सावल्या हलताना दिसत. यंत्राचा खटका मायाप्पाच्या हाताखाली असे. त्या दिवशी त्याच्या जागी मष्णू उभा होता.

उंबराखाली नवरा-बायकोशिवाय कुणी नव्हतं. राजाबाईनं पाळणा बांधला, उदबत्ती लावली. धूर सरळ वर चालला होता. पान हलत नव्हतं. वखारीत जेवणाची सुट्टी असल्यामुळे पलीकडचं यंत्रही मुकं होतं.

आणि अचानक वरच्या फांदीवरचा एक पाळणा करकरला.

मग दुसरा. मग सगळेच! इवलेइवले रिकामे पाळणे मागंपुढं होऊ लागले, आणि त्यांच्या वाळलेल्या दोऱ्यांतून बारीक कण्हण्यासारखा आवाज येऊ लागला. राजाबाईनं जमिनीवर डोकं टेकलं.

"आली! ऐकलंसा? रडतंय बघा. मी दर मंगळवारी येऊन ऐकतोय. आमचंच असंल त्यातलं एक!"

मायाप्पाच्या अंगावर काटा आला. तो दोन पावलं मागं सरकला. तेवढ्यात त्याच्या उघड्या दंडावर काहीतरी पडू लागलं. ओलं नाही, कोरडं. पिठासारखं बारीक. त्याला सणसणून शिंक आली.

तो वास त्याच्या ओळखीचा होता. तो वास त्याच्या उशीला होता, भाकरीला होता, बायकोच्या केसांनाही होता. त्यानं वर पाहिलं. फांद्यांच्या आड, भिंतीत उंचावर एक भोक होतं आणि त्यात पंखा फिरत होता. कुटाईच्या खोलीतला खकाणा बाहेर फेकणारा पंखा! खटका दाबला की आधी तो सुरू होई, मग यंत्र वेग घेई. जेवणाची सुट्टी संपली होती, मष्णूनं खटका दाबला होता. बाकीच्या मंगळवारी तो कोण दाबत होता? इतके मंगळवार आपली बायको इथं येऊन ज्या पाळण्यांपुढं रडत होती, ते आपणच आतून हलवत होतो! कामाच्या वेळी आतला बाप्या कधी मागं आला नव्हता, आणि बाहेरची बाई कधी आत गेली नव्हती, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

भीती इथं संपायला हवी होती. पण खरी भीती पुढंच होती. एक पाळणा हलत हलत त्याच्या तोंडासमोर आला. त्यानं धूळ पुसून नाव वाचलं. सोनुबाई. मष्णूची बायको. शेजारचा पुसला. नागुबाई. ती देवाप्पाची. तिसरा, शालूबाई. तिचा नवरा चाळणीवर उभा असे. मायाप्पा वेड्यासारखा एकेक पाळणा पुसत सुटला. अकरा पाळणे होते. त्यांतल्या आठ बायकांचे नवरे एकाच खोलीत काम करणारे निघाले. त्याच्याच.

घरी न जाता तो थेट भरमूआप्पाकडे गेला.

"आप्पा, तुला ठावं हुतं?"

भरमूआप्पानं रंधा बाजूला ठेवला. "बारा वर्सं पाळणं करतोय. गिऱ्हाईक कुठलं येतंय, ते दिसणारच की. पाला खुडणाऱ्या, शेतावरच्या घरातनं चार-पाच वर्सांत एकादं येतंय. तुमच्या खोलीतनं मातूर ओळीनं येतात."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की! तुझ्याआदी दोघास्नी सांगितलं, बाबानु, एकडाव तुमी बी तपासून घ्या. दोघंबी माझ्या अंगावर धावून आलते. तुझी तपासणी झालीया?"

"माझी? मला काय झालंय? मी धडधाकट हाय."

"बरं. मूल न होणाऱ्या बाईला काय म्हणतात?"

"वांझ."

"आन् बाप्याला?"

मायाप्पानं तोंड उघडलं. शब्द आठवेना. मराठीत आठवेना, कानडीत आठवेना.

"न्हाय नव्हं शब्द?" भरमूआप्पा म्हणाला. "शब्द न्हाय म्हणून रोग न्हाय, असं हुतं व्हय रं? त्या खकाण्यानं झाडाची पानं जळाली, पाखरं गेली. तुमी दिसभर तो छातीत भरून घेता, आन् तुमास्नी तेवढं काय हुईत न्हाय? आन् पाळणं कुणाच्या नावाचं, तर बायकांच्या! मी सुतार माणूस, मला इज्ञान कळत न्हाय. पण ह्यो अन्याव कळतोय."

पुढच्या आठवड्यात मायाप्पा कुणाला न सांगता बेळगावला गेला. डॉक्टरांनी वीर्याची तपासणी केली आणि त्याला समोर बसवलं. मूल होण्यासाठी लागणारे शुक्रजंतू फार थोडे होते, आणि जे होते त्यांतले बरेचसे धड हलतही नव्हते.

"खकाण्यानंच का, सायेब?"

"शपथेवर नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "तंबाखू खातोस, ते एक. खोलीतली गरमी असेल. पाल्यावर मारलेली औषधं असतील. यावर अजून फारसं कुणी पाहिलेलं नाही. पण छातीत गेलेलं रक्तात जातं, आणि रक्त सगळीकडे जातं. नवे जंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तोवर ती खोली सोड, तंबाखू सोड आणि परत ये. आणि मायाप्पा, यात लाजण्यासारखं काही नाही."

लाजण्यासारखं नाही! डॉक्टरांना बोलायला काय जातं? परतीच्या बसमध्ये मायाप्पानं तो कागद सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून ठेवला होता. फाडून टाकला असता तर कुणाला कळणार होतं? सुली घरात आली असती. आणखी सहा वर्षांनी तिच्याही नावाचा पाळणा उंबराला लागला असता. हे मनात आलं आणि त्याला त्या करकरणाऱ्या दोऱ्या ऐकू आल्या, तिथंच, भरल्या बसमध्ये.

घरी पोचला तर सासरे रवळू आलेले. पारूबाईनं निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. चार शेजारीही जमले होते. राजाबाई सगळ्यांना चहा देत होती, स्वतःवरच सवत आणायच्या बोलण्यांचा.

"थोरलीच्या नशिबात न्हाय, त्याला काय करायचं," रवळू कपाकडे बघत म्हणाला. "धाकटी देतो."

"मामा, सुलीला देऊ नकासा," मायाप्पा म्हणाला. त्यानं सदऱ्यातून कागद काढला. "राजीत काय बी दोष न्हाय. मूल न होण्याचं कारण मी हाय. ह्यो कागद."

एकजण हसला आणि लगेच थांबला.

"गप रं!" पारूबाई ओरडली. "लोकं ऐकाय लागल्यात!"

"ऐकू देत की, आई! सा वर्सं लोकांनी तिचं ऐकलं. आता माझं ऐकू देत!"

राजाबाईनं चहाची किटली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती नवऱ्याच्या पाया पडेल, असं कुणाला वाटलं असेल तर ते चुकलं.

"तीन वर्सांमागं कोल्हापूरच्या डॉक्टरनं मला तपासलंतं," ती म्हणाली. "तुमच्यात काय न्हाय, नवऱ्याला घिऊन या, असं चिठ्ठीत लिवलंतं. ती मी तुमच्या हातात दिलती. ह्या आत्ती, तुमच्या आई, म्हणाल्या, बाप्याला कसली तपासणी. तुमी त्याच कागदात तंबाखू बांधलासा."

मायाप्पानं सगळ्यांदेखत तिच्यापुढं हात जोडले. रवळू उठला, त्यानं थोरल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा तसाच टाकून तो गावाकडे निघाला. पारूबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारणीनं विषय काढताच तिनं पहिल्यांदाच सुनेची बाजू घेतली, तीही अशा शब्दांत की ते इथं छापता येणार नाहीत.

वखारीत मायाप्पाची टिंगल झाली. मष्णू सगळ्यात मोठ्यानं हसला, आणि आठवड्याभरानं तोच कोपऱ्यात गाठून हळूच बेळगावच्या डॉक्टरांचा पत्ता मागू लागला. मग देवाप्पा. मग आणखी दोघं. सगळ्यांचेच कागद खराब आले नाहीत, पण आता भीतीला वाचा फुटली होती. त्यांनी मिळून दोन दिवस यंत्र बंद ठेवलं. मालक चिडला, मग नरमला. खकाणा वरच्या वर कापडी पिशवीत धरायची सोय झाली, त्या खोलीत पाळीपाळीनं माणसं पाठवायचं ठरलं. मायाप्पा बाहेर गाडीवर पोती चढवू लागला. तीन महिन्यांनी तो बेळगावला परत गेला, या वेळी राजाबाईला बरोबर घेऊन, आणि तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसली. कागद पहिल्यापेक्षा बरा आला.

मूल झालं का? असं तुम्ही आता विचारणारच. मी सांगणार नाही. राजाबाईला सहा वर्षं साऱ्या गल्लीनं हाच एक प्रश्न विचारला, आणि अर्धी गोष्ट त्या प्रश्नानंच घडवली. बंधूंनो, भगिनींनो, आपल्या ओळखीच्या घरात असं कुणी असेल तर बाईला विचारणं आधी थांबवा. विचारायचंच असेल तर तिच्या नवऱ्याला विचारा, आणि तेही दोनच प्रश्न: तू तपासून घेतलंस का? आणि दिवसभर तू कुठली हवा छातीत घेतोस?