छताला टेकलेली चौकट

मी एक छत आहे, मित्रांनो, आणि खोटे कशाला बोलू, स्वभावाने भित्रे आहे. नांदुऱ्याच्या इंद्रभानभाऊंनी लेकीच्या, संजीवनीच्या, लग्नाआधी बैठकीला पीओपी करून घेतले, तेव्हाचा माझा जन्म. कडेने वेलबुट्टी काढली होती. लग्नातले पाहुणे मान वर करून माझे कौतुक करायचे. पाहुणे गेले आणि माना खाली आल्या त्या आल्याच.

यंदा संजीवनी पहिल्या बाळंतपणासाठी मेहकरहून माहेरी आली. घरात वेगळी खोली नव्हती. म्हणून बैठकीतच प्लायची आडभिंत घालून बाळंतिणीची खोली करायचे ठरले. पण तिची आई, सरस्वतीबाई, दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"पोरगी दोन जिवाची हाय. घरात एक खिळा ठोकायचा नाही!"

मग गोपाल मिस्त्रीने भिंतीच्या दोन चौकटी अंगणातच ठोकून तयार केल्या. उंची जमिनीपासून माझ्यापर्यंत अगदी बरोबर घेतली. इथेच घोडे पेंड खाऊ लागले. आडवी जाड वस्तू उभी करताना तिचा कोपरा आधी थोडा वर चढतो, मग जागेवर बसतो. कपाट उभे करणाऱ्याला हे कळते. त्या घाईत कुणालाच सुचले नाही. मला वरून दिसत होते, पण ओरडणार कसे?

पहिलीच चौकट माझ्यात रुतली.

"थांबा भाऊ, अडकलं!" मिस्त्री म्हणाला.

"अडकलं कायचं? लाव बे जोर!" इंद्रभानभाऊ म्हणाले.

जोर लावला आणि माझी वेलबुट्टी चिरली. पांढरा चुरा पडल्यावर दोघे भानावर आले. चौकटी बाहेर नेऊन त्यांचे पाय बोटभर कापले, खाली हातानेच पाचरी सारल्या, पेचकसाने स्क्रू पिळले.

"हे पिळतात काकू, ठोकत नाहीत," मिस्त्रीने सरस्वतीबाईंची समजूत घातली.

भिंत उभी राहिली. माझी चीर मात्र तशीच राहिली. "बाळंतपण होऊ द्या, मग पाहू," असे म्हणून सगळे विसरले.

संजीवनीला मुलगी झाली आणि बाळाची खाट नेमकी त्या चिरेखाली आली. पंखा फिरला की चीर वाढायची. तळहाताएवढा तुकडा सुटत चालला होता. घरादाराचे डोळे बाळाकडे, माझ्याकडे कुणाचेच नाहीत. मी जीव मुठीत धरून होते. त्या इवल्या टाळूवर पडले तर?

वर बघायचे ते फक्त बाळ. महिन्याभराची पोर चिरेवरून नजर हलवेना. एका दुपारी सरस्वतीबाई खाटेवर वाकल्या.

"काय पाह्यते वं माय? काय हाय तिथं?"

आणि त्यांनीही वर पाहिले. क्षणात बाळ त्यांच्या छातीशी होते.

"संजे, ऊठ! खाट ओढ इकडे!"

खाट सरकली. दिवेलागणीला तुकडा पडला, रिकाम्या फरशीवर. सव्वा महिना होताच मिस्त्रीने मला लिंपले.

मित्रांनो, भिंत घालताना वर बोटभर जागा सोडा. आणि अधूनमधून मान वर करून आमच्याकडे बघत जा. आम्हाला हाक मारता येत नाही. त्या दुपारी माझी हाक जिने पोहोचवली, तिलाही अजून बोलता येत नव्हते.